सुईणीची वही

सुईण म्हटलं की आपल्याकडे दोन तऱ्हेचं बोलणं ऐकू येतं. एक, "काय हात होता बाईचा! तिच्या हातून एक बाळंतीण दगावली नाही." दुसरं, "अडाणी बायका त्या. गंजलेल्या विळ्यानं नाळ कापायच्या." बोलणारे दोन्हीकडचे लोक शिकलेले असतात आणि बहुतेकांनी सुईण डोळ्यांनी पाहिलेलीही नसते. या दोन्ही बोलण्यांच्या पलीकडे नेणारं एक पुस्तक मी अलीकडे वाचलं. लॉरेल थॅचर उलरिक या अमेरिकन इतिहासकार बाईंचं 'अ मिडवाइफ्स टेल'. १९९० साली ते निघालं आणि १९९१ साली त्याला इतिहासासाठीचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. पुस्तक इंग्रजीत आहे, शब्दकोश शेजारी ठेवून सावकाश वाचावं लागतं, पण ज्या बाईने एकदा तरी बाळंतपण भोगलंय तिला त्यातलं काही परकं वाटणार नाही.

पुस्तकाचा आधार म्हणजे एक रोजनिशी. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, आज जे मेन राज्य आहे तिथे केनेबेक नदीच्या काठी हॅलोवेल नावाचं गाव. त्या गावात मार्था बॅलर्ड ही सुईण राहायची. जन्म १७३५चा. वयाच्या पन्नाशीला, म्हणजे १७८५च्या जानेवारीत तिने रोजनिशी धरली आणि १८१२च्या मे महिन्यापर्यंत, मरणाच्या उंबऱ्यापर्यंत, सोडली नाही. २७ वर्षं. तिने लिहिलं काय? आज हवा कशी होती. नदीवर बर्फ होता की नव्हता. कुणाकडून बोलावणं आलं, कशी गेले, किती वाजता मूल झालं, मुलगा की मुलगी. मग घरी येऊन सूत काढलं, कोबी लावला, धुणं धुतलं. बाळंतपणाचे पैसे मिळाले की समासात दोन फुल्या. बस, एवढंच. मनात काय आलं हे क्वचित.

ही वही तिच्या पणतीच्या मुलीच्या पिढीपर्यंत घरातच होती. १८८४ साली मेरी होबार्ट नावाच्या वारसदार मुलीच्या हाती ती आली. ही मुलगी तेव्हा नुकतीच डॉक्टर झाली होती. सुईणीची वही डॉक्टरणीकडे आली आणि तिने ती जपली, १९३० साली मेनच्या सरकारी ग्रंथालयाला दिली. पुढे गावाचा इतिहास धुंडाळणारे अनेक जण वही चाळून गेले. बहुतेकांना तिच्यात घरकामाची कटकट दिसली. महत्त्वाचं वाटलं तेवढं उचलून त्यांनी बाकीचं टाकून दिलं. उलरिकबाईंचं मोठेपण असं, की त्यांनी टाकून दिलेलंच हातात घेतलं. कोबी, सूत, हवा, फुल्या, हे सगळं एकमेकांशी जोडत त्यांनी एका खेड्यातल्या बायकांचं जग उभं केलं.

पुस्तकाची मांडणी मला फार आवडली. दहा प्रकरणं. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला रोजनिशीतल्या काही दिवसांच्या नोंदी जशाच्या तशा, अशुद्ध स्पेलिंगसकट. त्या आपल्याला रुक्ष वाटतात, काही कळत नाही. मग बाई त्या नोंदींमागचं उलगडतात. ही माणसं कोण, हिचा तिच्याशी काय संबंध, त्या आठवड्यात गावात काय चाललं होतं. प्रकरण संपल्यावर मागे जाऊन तीच नोंद पुन्हा वाचली की अंगावर काटा येतो. आपल्याला वाचायला शिकवणारं पुस्तक आहे हे. कपाटातल्या जुन्या हिशेबाच्या वहीकडे, आजीच्या देण्याघेण्याच्या यादीकडे त्यानंतर मी तरी पहिल्यासारखी बघत नाही.

रोजनिशीच्या काळात मार्थाने ८१६ बाळंतपणं केली. वसंतात नदीचं बर्फ फुटायला लागलं की पलीकडे जाणं जिवावरचं असे, तरी ती होडीतून जायची. घोड्यावरून पडली, पावसात भिजली, रात्र रात्र परक्या घरात बसली. मोबदला साधारण सहा शिलिंग, कधी रोख, कधी लोकर, साखर, धान्य. शेवटचं बाळंतपण केलं तेव्हा ती शहात्तर-सत्त्याहत्तर वर्षांची होती. आणि हे करताना तिचं स्वतःचं घरही सुखाचं नव्हतं. नऊ मुलांपैकी तीन मुली १७६९ साली घशाच्या साथीत तीन आठवड्यांच्या आत गेल्या, आणि त्याच दिवसांत तिच्या पोटात पुढचं मूल होतं. म्हातारपणी नवरा कर्जापायी तुरुंगात बसला. तेव्हाही ती सरपण कोण फोडून देईल याची विवंचना वहीत लिहिते आणि बोलावणं आलं की निघते.

तिथलं बाळंतपण म्हणजे एकट्या सुईणीचं काम नव्हतंच. कळा वाढल्या की शेजारच्या बायकांना बोलावणं जाई. त्या येत, बाळंतिणीला मागून धरत, स्वयंपाक करत, तिच्या मोठ्या मुलांना सांभाळत. सुटका झाली की सगळ्या मिळून जेवत. सुईण एखादा दिवस थांबून जाई, मग एखादी तरुण मुलगी बाळंतिणीची सेवा करायला राही. बाळंतीण परत आपल्या स्वयंपाकघरात शिरली तो दिवस मार्था लक्षात ठेवून लिहिते. चुलीला शिवली म्हणजे बाळंतपण संपलं, हा हिशेब तिकडेही होता हे वाचून मला हसू आलं. थोडं वाईटही वाटलं.

या सगळ्या मायेच्या चित्रात उलरिकबाई दोन प्रसंग असे ठेवतात की वाचक जागा होतो. त्या काळच्या कायद्याप्रमाणे लग्नाशिवाय गरोदर राहिलेल्या मुलीला ऐन कळांमध्ये सुईणीने विचारायचं, मुलाचा बाप कोण? मरणाच्या दारात बाई खोटं बोलणार नाही अशी समजूत. तिने घेतलेलं नाव पुरावा म्हणून धरलं जाई. १७९१च्या ऑक्टोबरात मार्था सॅली पिअर्स नावाच्या मुलीचं बाळंतपण करायला गेली आणि नेहमीप्रमाणे तिने प्रश्न विचारला. मुलीने नाव घेतलं ते जोनाथनचं, मार्थाच्याच मुलाचं. मार्थाने ते लिहून ठेवलं. काही महिन्यांनी दोघांचं लग्न झालं. या नोंदीत आईचा त्रागा नाही, लपवाछपवी नाही.

दुसरा प्रसंग याहून जड आहे. गावच्या धर्मोपदेशकाची बायको रिबेका फॉस्टर हिने १७८९ साली गावातल्या एका न्यायाधीशावर बलात्काराचा आरोप केला. ही गोष्ट तिने आधी मार्थाला सांगितली होती. मार्थाने तिला काय सल्ला दिला? कुणाकडे बोलू नकोस, तुझंच नाव जाईल. आपल्या गल्लीतल्या कुठल्याही शहाण्या बाईने दिला असता तोच. पण खटला उभा राहिला तेव्हा मार्था कोर्टात गेली आणि ऐकलं ते तिने सांगितलं. न्यायाधीश सुटला. उलरिकबाई मार्थाला देवी करत नाहीत ते इथे दिसतं. भिऊन गप्प राहायला सांगणारी आणि वेळ आली तेव्हा साक्ष देणारी, दोन्ही एकच बाई होती.

आता पुस्तकात जे मला खटकलं ते सांगते.

पहिली गोष्ट आकड्यांची. ८१६ बाळंतपणांत मार्थाच्या हाताखाली प्रत्यक्ष प्रसूत होताना एकही बाई गेली नाही. नंतरच्या दिवसांत पाच गेल्या. उलरिकबाई त्या काळातल्या डॉक्टरांशी आणि युरोपातल्या मोठ्या शहरांमधल्या सूतिकागृहांशी तुलना करतात आणि मार्था उजवी ठरते. ते खरंच आहे. हात न धुता एका बाईकडून दुसरीकडे जाणाऱ्या डॉक्टरांनी त्या काळात सूतिकाज्वर पसरवला हे आज कुणी नाकारत नाही. हॅलोवेललाही पेज नावाचा एक तरुण डॉक्टर आला होता. कळा देणाऱ्या एका बाईला त्याने अफूचं औषध देऊन गुंगीत टाकलं. मार्थाचा राग या नोंदीत लपत नाही. पण हा आकडा घेऊन आजचा वाचक 'बघा, घरचं बाळंतपणच चांगलं' असं म्हणायला लागला तर? लाखाचा हिशेब मांडला तर मार्थाचे पाच मृत्यू लाखाला सहाशेच्या वर जातात. भारतात २०१८ ते २०च्या मोजणीत हेच प्रमाण लाखाला ९७ होतं, २००१ ते ०३ मध्ये ३०१ होतं. म्हणजे मार्थासारखी हुशार, अनुभवी, प्रेमळ सुईण असूनही आजच्या भारतापेक्षा सहापट बायका गेल्या. यात मार्थाचा दोष नाही. रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन नव्हतं, रक्त चढवायची सोय नव्हती, अडलेल्या बाईचं पोट कापून दोघांना वाचवता येत नव्हतं. हे वाक्य पुस्तकात ठळक हवं होतं. लेखिका इतिहासकार असल्यामुळे त्या आपल्या काळाकडे वळत नाहीत, पण वाचक वळतोच.

दुसरी गोष्ट मला जास्त सलते. या पुस्तकात सुईण आहे, शेजारणी आहेत, डॉक्टर आहेत, पण बाजेवरची बाई कुठे आहे? मार्था लिहिते, अमक्याच्या बायकोचं बाळंतपण केलं. कितीतरी नोंदींत बाईचं नावसुद्धा नाही, नवऱ्याचं आहे. तिला किती वेळ कळा होत्या ते कळतं, तिला काय वाटलं ते नाही. मार्थाचा हात मऊ होता की कडक? ती ओरडली तेव्हा दटावलं की गोंजारलं? सॅली पिअर्सला ऐन कळांत, होणाऱ्या सासूने, बापाचं नाव विचारलं. त्या क्षणी त्या मुलीचं काय झालं असेल? उलरिकबाई इथे प्रामाणिक आहेत, नसलेलं त्या घालत नाहीत. पण ८१६ बाळंतपणांतल्या बायकांचं मौन हीसुद्धा इतिहासातली एक गोष्ट आहे आणि तिच्यावर एखादं प्रकरण व्हायला हवं होतं. सुईणीची वही म्हणजे बाळंतिणीची साक्ष नव्हे. पुस्तक वाचताना आपण हे विसरतो, इतकी मार्था आपल्याला आवडायला लागते.

हे मी परक्या देशातल्या पुस्तकाचं दोष काढायचं म्हणून म्हणत नाही. आपल्याकडे तर वहीसुद्धा नाही. आमच्या कर्नाटकात, तुमकुरू जिल्ह्यातल्या पावगड भागात सूलगित्ती नरसम्मा होऊन गेल्या. सूलगित्ती म्हणजे कानडीत सुईण, ते त्यांचं आडनावच होऊन बसलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्या गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पंधरा हजारांवर बाळंतपणं केली असं सगळ्या वर्तमानपत्रांनी छापलं. आकडा मोठा, माणूस त्याहून मोठं. पण त्या पंधरा हजारांतल्या पंधरा बायकांनी तरी आपल्या तोंडाने काही सांगितलेलं कुठे छापलंय का, हे मी शोधत होते. मला सापडलं नाही. मार्थाची फुली तरी आहे, आपल्याकडे फुलीही नाही.

म्हणून मी उलरिकबाईंची रीत घरात वापरून पाहिली. आमच्या नात्यात एक आत्याबाई आहेत, पंच्याऐंशीच्या पुढच्या. चिकोडी भागातल्या खेड्यात त्यांची पाच बाळंतपणं झाली, पाचही घरात, एकाच सुईणीच्या हातून. "आत्याबाई, कसं होतं हो सगळं?" असं विचारलं तर उत्तर दोन शब्दांत आलं.

"सुटलो बघ."

आपल्या भाषेत हा शब्द किती सहज येतो! सुटली, मोकळी झाली, आणि नाहीतर अडली. सगळं बाळंतपण या तीन शब्दांत. पुढे काही विचारायची सोयच नाही. मग मी मार्था लिहायची तसलं विचारलं. पाऊस होता का? कंदील कुणी धरला होता? घरात कोण कोण होतं? आत्याबाई हळूहळू बोलायला लागल्या.

"थोरल्याच्या वेळी सुगी होती. जोंधळं काढायला सगळी रानात. सासूबाई आणि ती, दोघीच. दोन रात्री आणि एक दिवस. ती माझ्या पाठीला पाठ लावून बसली होती गं. मला झोप लागली की तीपण झोपायची, मी हललो की उठायची."

हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. दवाखान्यातल्या टेबलावर एकटीने पडून छताकडे बघत राहिलेल्या कितीजणी हे वाक्य वाचून गप्प होतील, मला माहीत आहे.

"आणि दुसऱ्या वेळी?"

"दुसरं गेलं. सहाव्या दिवशी दूध धरेना, जबडा मिटला. सटवीनं नेलं म्हणाली सगळी."

सटवीने नव्हतं नेलं. तो धनुर्वात होता, नाळ कापलेल्या हत्याराचा किंवा नाळेवर लावलेल्या राखेशेणाचा. आईला दिलेली लस आणि स्वच्छ ब्लेड, एवढ्यावर टळणारं मरण. आपल्या देशात नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झालं असं २०१५ साली जाहीर झालं, तोवर अशी किती सहाव्या दिवसाची मुलं गेली असतील! तिसऱ्या वेळी वार पडेना, तर सुईणीने आत्याबाईंची वेणी त्यांच्याच तोंडात कोंबली. उबळ आली आणि वार पडली. चौथ्या वेळी ती पोटावर जोर देऊन दाबायला लागली. "जीव चालला होता माझा. मी तिचा हात चावलो. मग सोडलं तिनं." आणि हे सांगून आत्याबाई लगेच म्हणाल्या, "पण बाई चांगली होती हं."

पाठीला पाठ लावून बसलेली तीच, नाळेमुळे मूल गेलं तीच, पोट दाबणारी तीच आणि 'चांगली होती' तीही तीच. आत्याबाईंना यात विसंगती वाटली नाही. विसंगती वाटते ती आपल्याला, कारण आपल्याला एक तर देवी हवी असते नाहीतर हडळ.

मी आणखी एक विचारलं, तिचं नाव काय होतं? आत्याबाई बराच वेळ आठवत राहिल्या. "सुईणच म्हणायचो की सगळी." पाच बाळंतपणं, आणि नाव नाही. हा आत्याबाईंचा विसरभोळेपणा नव्हे. ती परड्याच्या दाराने यायची आणि त्याच दाराने जायची. तिचा कप परड्यातल्या कोनाड्यात वेगळा असायचा. लुगडं, खण, पायलीभर जोंधळे तिला सोप्याच्या पायरीखाली मिळायचे. आमच्या भागात सुईण काही गावांत न्हाव्याच्या घरातली, काही गावांत तेव्हा ज्यांना अस्पृश्य म्हणत त्या वस्तीतली. जिच्या हातात आपलं मूल पहिल्यांदा यायचं, तिचा हात पुढे आपल्या पाण्याच्या घागरीला चालत नसे. जन्माचं सुवेर घराला दहा दिवस, तिला मात्र जन्मभर.

आपण जैन बायकांनी तर यावर थांबून विचार करायलाच हवा. पंचकल्याणक पूजेत जन्मकल्याणकाच्या आधी छप्पन कुमारिका तीर्थंकरांच्या मातेची सेवा करतात. आपल्या मुली नटून-सजून त्या कुमारिका होतात, आपण कौतुकाने बघतो, इंद्र-इंद्राणी होण्यासाठी बोली लागते. श्वेतांबर परंपरेतल्या हेमचंद्राचार्यांच्या 'त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्र' या ग्रंथात तर या दिक्कुमारी सरळ सुईणीचं काम करतात. त्या जागा स्वच्छ करतात, बाळाची नाळ कापतात, ती खड्ड्यात पुरतात, मातेला आणि बाळाला न्हाऊ घालतात. म्हणजे आपल्या शास्त्राला सुईणपणाचा विटाळ वाटला नाही, ते देवींचं काम ठरलं. घरात मात्र तेच काम करणारी बाई परड्याच्या दारात उभी. देवळातली कुमारिका आणि परड्यातली सुईण यांना आपण कधी शेजारी उभं करून पाहिलंच नाही.

आज या सगळ्याचा काय उपयोग, असं कुणी विचारेल. आता खेड्यातही बाळंतपण दवाखान्यातच होतं. ते खरं आहे. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, दवाखान्यात बाळंत झाल्यास पैसे मिळायला लागले, आशाताई घरोघरी फिरायला लागल्या. २००५-०६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दवाखान्यातली बाळंतपणं ३८.७ टक्के होती, २०१९-२१ला ८८.६ टक्के झाली. बायका वाचल्या, मुलं वाचली. याबद्दल कृतज्ञच असायला हवं. पण त्याच पाहणीत देशभरात २१.५ टक्के बाळंतपणं पोट कापून झाली, खाजगी दवाखान्यांत ४७.४ टक्के, आणि तेलंगणात सगळे दवाखाने धरून ६०.७ टक्के. हैदराबादच्या माझ्या वाचक मैत्रिणींना हा आकडा नवा नसेल. इतक्या बायका खरोखर अडलेल्या असतात का? पाठीला पाठ लावून दोन रात्री बसायला आता कुणाकडे वेळ नाही, हेही त्यातलं एक कारण असणार.

गंमत अशी की त्याच तेलंगणाने सरकारी दवाखान्यांत शिकलेल्या सुईणी नेमायला पुढाकार घेतला. २०१८ साली केंद्र सरकारनेही मार्गदर्शक सूचना काढल्या. परिचारिकांना अठरा महिन्यांचं वेगळं शिक्षण द्यायचं आणि ज्यांच्या बाळंतपणात काही गुंतागुंत नाही अशा बायका त्यांच्यावर सोपवायच्या, अडचण आली तर डॉक्टर शेजारी. कल्पना चांगली आहे. मार्थाचा धीर आणि आजची औषधं एका जागी येतील. पण गावोगावच्या जुन्या सुईणींचं त्यात काय? पूर्वी त्यांना सरकारी शिबिरांत बोलावून स्वच्छ ब्लेड, स्वच्छ धागा शिकवत. नंतर धोरण बदललं आणि त्या बाजूला पडल्या. त्यांना जे येत होतं, थांबणं, धरणं, धीर देणं, ते कुणी त्यांच्याकडून लिहून घेतलं नाही. आता तेच 'सन्मानपूर्वक प्रसूतिसेवा' या नावाने इंग्रजी पुस्तकांतून परत येतंय.

आणि ही नवी सुईण चांगली की वाईट हे ठरवणार कोण? किती बाळंतपणं केली, किती सिझर टळले, हे सरकार मोजेल. ते मोजायलाच हवं. पण तेवढ्यावर थांबलं तर आपण पुन्हा मार्थाच्याच वहीत अडकू. बाजेवरच्या बाईला कुणी विचारणार आहे का? तुला सांगून हात लावला का, तू नको म्हणालीस तेव्हा थांबल्या का, सोबत आपलं माणूस होतं का, ओरडलीस तर काय ऐकून घ्यावं लागलं? आत्याबाईंना सुईणीचा हात चावावा लागला होता. आजच्या मुलीला तेही जमत नाही, हात बांधल्यासारखी ती पडून असते आणि घरी येऊन तीही म्हणते, "सुटले."

'अ मिडवाइफ्स टेल' जरूर वाचावं. इंग्रजी जड वाटलं तर प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीच्या नोंदी आधी सोडून द्या, स्पष्टीकरण वाचा आणि मग मागे या. कुणीतरी ते मराठीत आणायला हवं. मात्र वाचून झाल्यावर मार्थाची आरती करत बसू नये. तिने जे लिहिलं त्याच्यापुढची वही आपण लिहायची आहे. आपल्या महिला मंडळांतून वर्षाला एक सहल निघते, दोन स्पर्धा होतात. एखादं वर्ष हे काम घ्या. ऐंशीच्या पुढच्या प्रत्येक बाईकडे बसा. गाव कुठलं, साल कुठलं, कळा किती वेळ, कोण कोण होतं, काय खायला दिलं, काय दुखलं, कशाचा राग आला, कुणाचा हात आठवतो, सगळं उतरवून घ्या. सुईणीचं नाव विचारा. तिला आठवलं नाही तर त्या वस्तीत जाऊन विचारा, तिथे ते नक्की कुणाला तरी माहीत असेल. आणि लिहिताना बाळंतिणीचं नाव तिचं स्वतःचं घाला, नवऱ्याचं नको.